सेटलमेंटचा इतिहास विद्यार्थ्यांकडून लिहून घेणाऱ्या पत्रकार सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरातील आमच्या महाविद्यालयात आपण वृत्तपत्रलेखनाची कार्यशाळा घेतलीत आणि मुलांना त्यांच्याच शहराच्या एका दुर्लक्षित इतिहासापर्यंत नेलेत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे.

काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, हे आमच्या विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षेच्या टिपणांमुळे पाठ होते. परंतु याच कायद्यान्वये सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे या जमातींची बंदिस्त वसाहत, उभी राहिली, तिथल्या कुटुंबांना रोज हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून बाहेर पडता येत नसे आणि त्यांतील अनेकजण येथल्या कापड गिरण्यांत राबत, हे वर्गातल्या बहुतेकांनी प्रथमच ऐकले. काही मुलांना मात्र ते आजी-आजोबांच्या तोंडून ठाऊक होते आणि तरीही वर्गात ती कधी त्याबद्दल बोलली नव्हती. मराठीची प्राध्यापिका म्हणून मला याचे फार वाईट वाटले.

आपण व्याख्यान आवरते घेतलेत आणि मुलांपुढे चोरी-घरफोडीच्या बातम्यांची कात्रणे ठेवलीत. कोणत्या बातमीत आरोपीची जात छापली आहे आणि कोणत्या बातमीत पोलिसांखेरीज दुसऱ्या कोणाचेही म्हणणे नाही, एवढेच शोधायला सांगितलेत. आरोपी पारधी, म्हणजे याच कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतला, असला की जात थेट मथळ्यात येते, हे मुलांनी स्वतःच्या हाताने अधोरेखित केले. हा कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला असला, तरी त्याची नजर बातमीच्या भाषेत टिकून आहे, हे त्यांना निराळे समजावून सांगावे लागले नाही.

त्यानंतर मुलांनी वस्तीतल्या वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. एका विद्यार्थिनीने आपल्या पणजीची मुलाखत लिहून आणली, तेव्हा छापण्याआधी ती पणजीला वाचून दाखवण्याचा आपला आग्रह होता. पणजीने माहेरच्या माणसांविषयीचे एक वाक्य काढायला सांगितले. लेखातले ते सर्वांत परिणामकारक वाक्य होते; आपण एका शब्दानेही हरकत न घेता ते काढलेत, आणि हजेरीची वेळ व गिरणीची पाळी हे तपशील मात्र आणखी दोघांना विचारून पडताळून घ्यायला लावलेत. माणसाचा मान आणि बातमीची शहानिशा ही दोन्ही एकाच वेळी सांभाळता येतात, हे मी स्वतः त्या दिवशी शिकले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू केले आणि त्याच्या कितीतरी आधी, १८७७ मध्ये, कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढले. प्रचलित पत्रांत ज्यांना जागा नाही त्यांनी स्वतःचे पत्र काढावे, अशी आपल्याकडे जुनी परंपरा आहे. आमच्या मुलांचे भित्तिपत्रक त्यापुढे अगदी लहान आहे. पण त्यावर विमुक्त, म्हणजे त्या कायद्यातून मुक्त झालेल्या, समाजातील मुलांनी आपल्या पूर्ण नावानिशी लिहिले, ही माझ्या दृष्टीने या वर्षातली सर्वांत मोठी घटना आहे.

येत्या विमुक्त दिनी, ३१ ऑगस्टला, मुलांनी या मुलाखतींचा छापील अंक काढायचे ठरवले आहे. मुद्रिते आपण एकदा नजरेखालून घालावीत आणि प्रकाशनाला अवश्य यावे, अशी त्या सर्वांची विनंती आहे. अंकाची पहिली प्रत पणजींच्या हाती द्यायची, हे मुलांनी आधीच ठरवून टाकले आहे.

आपली नम्र,
मराठी विभागातील एक प्राध्यापिका, सोलापूर