केबिनमध्ये बोलावलं की

प्रिय मास्तर,

परवा बोलता बोलता मी "साहेबाने आत बोलावलंय, ठेवतो" म्हणून फोन कट केला आणि तू रात्रभर मेसेज टाकत बसलास, नोकरी गेली का, वहिनींना माहितीये का, परत येतोयस का. नोकरी आहे रे बाबा. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून म्हटलं आज रविवार आहे, इथे अमेरिकेत एडिसनला पाऊस आहे, निवांत लिहितो. आणि तुला तर लिहायलाच पाहिजे कारण तू बसतोस टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत, अंबडच्या कंपनीत एचआर म्हणून. काका सातपूरला युनियनच्या कमिटीवर आणि पोरगा एचआरला, याच्यावर आपण किती हसलोय!

तर पहिल्यापासून सांगतो. फेब्रुवारीत एक दिवस माझा पार्सल वाटायचा ट्रक एका जागी बावीस मिनिटं उभा होता. आमच्या ट्रकला सगळं कळतं बरं का, कुठे थांबला, रिव्हर्स किती वेळा घेतला, बेल्ट न लावता हलवला का, सगळं ऑफिसच्या स्क्रीनवर. त्या दिवशी रस्त्यावर बर्फ, मी पेट्रोल पंपावर लघवीला थांबलो तर तिथे लाईन, परत आलो तर मागचं शटर गोठलेलं, ते ठोकून उघडण्यात वेळ गेला. एवढंच. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर हसत हसत म्हणाला, दोन मिनिटं आत ये ना. गेलो. एकटाच.

आणि मास्तर, मी काय केलं असेल? बोलत सुटलो. तो विचारतोय एक वाक्य, मी सांगतोय दहा. बर्फ, शटर, लाईन, सगळं सांगून झालं तरी तो गप्प बसून नुसता बघतोय, आणि आपल्याला तर शिकवलेलंच आहे की साहेबासमोर गप्प राहणं म्हणजे उद्धटपणा, मग ती शांतता मलाच सहन होईना आणि मी म्हणालो की तसं कधी कधी पाच-दहा मिनिटं थांबतो मी, पाठ धरते म्हणून. झालं. बावीस मिनिटांचं राहिलं बाजूला आणि ते "कधी कधी" कागदावर आलं. आठवड्याने वॉर्निंग लेटर. त्याच्यात शटरचा उल्लेखसुद्धा नाही!

आमचा शॉप स्टुअर्ड, म्हणजे युनियनचा आमच्या बिल्डिंगमधला माणूस, स्वतः सव्वीस वर्षं गाडी चालवतोय, तो माझ्यावर असा चिडला की काकांची आठवण आली. म्हणाला, तुझ्या पाकिटात कार्ड आहे ना? कार्ड होतं. जॉइन झालो तेव्हा युनियनने दिलेलं, लायसनच्या मागे तसंच पडलेलं. त्याच्यावर चार ओळी आहेत, अर्थ असा की या बोलण्यातून माझ्यावर कारवाई होऊ शकत असेल तर माझा युनियनचा प्रतिनिधी इथे हजर पाहिजे, तो येईपर्यंत मी प्रश्नांची उत्तरं देणार नाही. इथे याला वाइनगार्टन राइट्स म्हणतात. मला वाटायचं कोणी मोठा कामगार पुढारी असेल वाइनगार्टन. तर ते निघालं ह्यूस्टनच्या एका दुकानाच्या कंपनीचं नाव.

ती केस तुला सांगायलाच पाहिजे. 1972 ची गोष्ट. तिथल्या लंच काउंटरवर काम करणारी एक बाई. तिच्यावर आळ असा की 2 डॉलर 98 सेंटचा चिकनचा डबा घेतला आणि गल्ल्यात टाकला एकच डॉलर. मॅनेजर आणि तपासणीसाने तिला आत बसवलं. तिने पुन्हा पुन्हा सांगितलं, युनियनचं माणूस बोलवा, नाही बोलावलं. ती म्हणाली चिकन एक डॉलरचंच घेतलं, छोटे डबे संपले होते म्हणून मोठ्यात भरलं. तपासणीस बाहेर जाऊन विचारून आला तर खरंच डबे संपलेले! त्याने माफी मागितली. विषय संपला होता, बघ. आणि तेवढ्यात बाईंना रडू कोसळलं आणि त्या बोलून गेल्या की दुकानातून मी फुकट कधी काही घेतलं असेल तर फक्त दुपारचं जेवण. की लगेच चौकशी परत सुरू, एवढ्या दिवसांच्या जेवणाचे साधारण 160 डॉलर होतात, सही कर. नाही केली तिने. नंतर कळलं की त्या काउंटरवर बहुतेक सगळेच, मॅनेजर धरून, फुकट जेवत होते, आणि हेड ऑफिसलाही नक्की सांगता येईना की नियम आहे का नाही.

हे प्रकरण चढत चढत सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1975 च्या फेब्रुवारीत सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला, 1935 च्या कामगार कायद्याचा आधार घेऊन, की कामगाराने मागितलं तर अशा चौकशीत युनियनचं माणूस सोबत पाहिजे. मी ते वाचलं तेव्हा माझं "कधी कधी" आणि तिचं "दुपारचं जेवण" एकदम शेजारी शेजारी दिसले. त्यांनी विचारलेल्याने ती आणि मी, आम्ही दोघंही अडकलो नव्हतो रे, आपणहून वाढून दिलेल्याने अडकलो.

आता यातली मेख अशी की हा हक्क मागावा लागतो. पिक्चरमध्ये इथले पोलिस पकडताना हक्क वाचून दाखवतात तसं इथे मॅनेजरने आधी सांगायचं बंधन नाही. तू तोंडाने म्हणाला नाहीस तर हक्क नाही. मागितलास की त्याच्यापुढे तीनच रस्ते: माणूस बोलव, नाहीतर चौकशी तिथेच थांबव, नाहीतर मला ठरवू दे की प्रतिनिधीशिवाय बोलायचं का मुलाखतच नको. आणि उठून निघून जायचं नाही हं, ते केलं तर हुकूम मोडला म्हणून वेगळंच लचांड. बसायचं, मागायचं, गप्प राहायचं. साधी सूचना असेल, उद्यापासून हा रूट घे वगैरे, तर त्याला काही लागत नाही, मुकाट ऐकायचं, आणि काम चुकीचं सांगितलं वाटलं तरी आमच्यात म्हण आहे की आधी काम कर, तक्रार नंतर लिही. धोक्याचं काम सोडून. आणि ज्यांच्याकडे युनियन नाही त्यांना हे काहीच नाही, 2000 मध्ये त्यांनाही मिळालं होतं, 2004 मध्ये काढून घेतलं.

युनियन आमची टीमस्टर्स. टीमस्टर म्हणजे घोड्यांची जोडी हाकणारा, बिल्ल्यावर अजून दोन घोडी आहेत, 1903 पासूनची संघटना. यूपीएस या मोठ्या पार्सल कंपनीचे कामगार यांच्यातलेच, 2023 मध्ये तीन लाख चाळीस हजार होते, त्यांनी त्या वर्षीच्या करारात ड्रायव्हरकडे तोंड केलेला कॅमेराच नको असं लिहून घेतलं. आमची कंपनी ती नाही, आमची चिल्लर आहे, पण स्टुअर्ड तसाच खमक्या.

तर परवाचं. तोच सुपरवायझर, वर मॅनेजर. प्रश्न एका पार्सलचा, गिऱ्हाईक म्हणतंय मिळालं नाही, स्कॅनर म्हणतोय दिलं. मी दारातच म्हणालो, स्टुअर्ड पाहिजे. छातीत धडधडत होतं, खोटं कशाला सांगू, घसा कोरडा. चाळीस मिनिटं बसवून ठेवलं, स्टुअर्ड रूटवरून यायचा होता. तो आला, आधी विचारलं विषय काय, मग मला बाहेर नेऊन पाच मिनिटं एकट्याशी बोलला. म्हणाला, खोटं एक अक्षर नको, खोटं सापडलं तर मी पण वाचवू शकत नाही. विचारलं तेवढंच. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, अंदाज सांगू नकोस. आत मॅनेजरने विचारलं पार्सल कुठे ठेवलं, मी म्हणालो दिवसाला दीडशेवर स्टॉप असतात, तीन आठवड्यांपूर्वीचं आठवत नाही. मग ती शांतता. तीच! स्टुअर्ड वहीत काहीतरी लिहीत बसला, मी त्याच्या पेनाकडे बघत बसलो. मिनिटभर गेलं असेल. मॅनेजर म्हणाला, ओके, कामाला लागा.

तुमच्याकडे आधी चार्जशीट, मग खुलासा, मग चौकशी, आणि सोबत एक सहकारी चालतो, बरोबर ना? पण चार्जशीटच्या आधी जे "जरा आत ये" असतं त्याला कोण सोबत असतं? काका एवढंच म्हणायचे की कोऱ्या कागदावर सही करायची नाही. तू ती शांतता वापरतोस का रे, खरं सांग. मी चिडणार नाही.

वॉर्निंग लेटर आमच्या करारात नऊ महिन्यांनी बाद होतं, म्हणजे नोव्हेंबरात. दिवाळीला फोन करतो. काकांना नमस्कार, आणि त्यांना हे पत्र वाचून दाखव, चष्मा सापडत नसेल तर.

तुझा,
टेबलाच्या अलीकडचा