बुदेश्तीची लाकडी चर्चे

महोदय,

रोमानियाविषयी लिहिताना ड्रॅक्युलाच्या किल्ल्यापलीकडे सहसा कोणी जात नाही, म्हणून हे पत्र. उत्तरेकडील मारामुरेश जिल्ह्यातील बुदेश्ती या ग्रामपंचायतीच्या हद्दीत, सर्बी गाव धरून, चार लाकडी चर्चे आहेत. त्यांपैकी १६४३ साली बांधलेले जोसानी चर्च याच जिल्ह्यातील अन्य सात चर्चांसह १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले ओंडके, लाकडी चिपांनी शाकारलेले उंच छप्पर, आत अठराव्या शतकातील चित्रे. शिवाय पिंत्या या बंडखोराचे म्हणून सांगितले जाणारे चिलखतही इथेच! या चिपा काही दशकांनी बदलाव्याच लागतात आणि त्यासाठी जाणता सुतार लागतो. यादीत नाव आल्याने छप्पर गळायचे थांबत नाही. आपल्या पुरवणीने अशा कारागिरांवरही लिहावे, ही विनंती.

– एक वाचक