लागेल तेवढीच मोकळीक: ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

माझ्या पहिल्या ट्यूनेबल क्यूबिटच्या (क्वांटम संगणकाच्या, वारंवारता बदलता येणाऱ्या मूलभूत घटकाच्या) आराखड्यावर तुम्ही पेन्सिलीने लिहिलेला प्रश्न मी अजून जपून ठेवला आहे: “एवढी रेंज कशासाठी?” त्या प्रश्नाबद्दल, आणि स्वतःच्या कामाची मुदत तोंडावर आलेली असताना दोन संध्याकाळ शेजारी बसून तुम्ही करवून घेतलेल्या आकडेमोडीबद्दल, तुमचे जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अतिवाहक ट्रान्समॉनची, म्हणजे माझ्या प्रकारच्या क्यूबिटची, वारंवारता बदलती ठेवायची तर एका जोसेफसन जंक्शनऐवजी (दोन अतिवाहकांमध्ये पातळ विद्युतरोधक थर असलेल्या जोडाऐवजी) दोन जंक्शनांचे वलय, म्हणजे स्क्विड, घ्यायचे आणि त्यातून जाणारा चुंबकीय फ्लक्स (अभिवाह) बदलायचा, एवढे मला ठाऊक होते. जंक्शनमधला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर किंचित जाड किंवा पातळ झाला तरी वारंवारता चुकते. तेव्हा ती जितकी फिरवता येईल तितकी बरी, असे समजून मी दोन्ही जंक्शने सारखी घेतली. मोजमापे सुरू झाल्यावर वरच्या टोकाला नीट वागणारा क्यूबिट जरा खाली आणताच कोहेरन्स, म्हणजे क्वांटम अवस्था टिकवण्याची क्षमता, गमावू लागला, आणि मी आठवडाभर दोष तारांत आणि फिल्टरांत शोधत राहिलो.

तुम्ही मला फ्लक्सनुसार बदलणाऱ्या वारंवारतेच्या वक्राचा उतार पाहायला लावलात. उतार जितका तीव्र, तितके फ्लक्समधले बारीक चढउतार थेट वारंवारतेत उमटतात. अर्ध्या फ्लक्स क्वांटमपाशी (फ्लक्सच्या मूलभूत एककाच्या निम्म्यापाशी) तर सारख्या जंक्शनांची एकत्रित जोसेफसन ऊर्जा, म्हणजे जंक्शनांमधून होणाऱ्या जोडणीची ताकद, शून्याकडे जाते, आणि विद्युतभाराच्या ज्या गोंगाटापासून सुटका व्हावी म्हणून येल विद्यापीठातील गटाने २००७ मध्ये ट्रान्समॉनची रचना मांडली, तोच गोंगाट पुन्हा दारात येतो. ही दोन्ही समीकरणे मी परीक्षेत लिहिली होती. ती माझ्याच चिपबद्दल बोलत आहेत, हे मला त्या संध्याकाळी कळले.

मग तुम्ही जंक्शनांचे प्रमाण ९:१ घेऊन पाहायला सांगितले. एकूण जोसेफसन ऊर्जा १५ गिगाहर्ट्झ आणि चार्जिंग ऊर्जा (विद्युतभार साठवायला लागणारी ऊर्जा) ०.२५ गिगाहर्ट्झ धरली, तर वारंवारता वर सुमारे ५.२३ आणि खाली सुमारे ४.६५ गिगाहर्ट्झ येते, दोन्ही टोकांना उतार शून्य असतो आणि या दोन ऊर्जांचे गुणोत्तर ४८ च्या खाली उतरत नाही, म्हणून विद्युतभाराचा गोंगाट दूरच राहतो. रेंज जेमतेम ५८० मेगाहर्ट्झची. पण शेजारच्या क्यूबिटशी होणारी वारंवारतेची टक्कर टाळायला आणि गेटच्या (दोन क्यूबिटांवरील क्रियेच्या) वेळी त्याच्या वारंवारतेजवळ जायला आमच्या चिपला तेवढी पुरली. तुम्ही उत्तर आयते हातात दिले असते, तर एक चिप सुधारली असती. उतार मोजण्याची सवय मात्र लागली नसती.

नव्या चिपचा आलेख सोबत जोडला आहे. खालच्या टोकालाही कोहेरन्स टिकून आहे. पुढच्या आराखड्यात फ्लक्स लाइन (फ्लक्स बदलणारी तार) क्यूबिटच्या किती जवळ आणावी, यावर तुमचे मत हवे आहे. सवड होईल ती वेळ कृपया कळवावी.

आपला कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थी