पाचोळा पेटवू नका, आम्हाला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी लागला की आमच्या पुण्यातल्या गल्लीत सकाळी सहालाच धुराचा वास यायला लागतो. शेजारच्या सोसायटीत झाडलेला सगळा पाचोळा कुंपणापाशी ढीग करून पेटवतात, आणि तो दवाने ओला असला की धड जळतही नाही, दुपारपर्यंत नुसता धुमसत राहतो. माझ्या सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे ते दोन महिने खिडक्या लावून आणि पंप उशाशी ठेवूनच काढायचे. सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं, "अहो ताई, पालाच तर आहे, प्लास्टिक थोडंच जाळतोय!" पण पाल्याच्या धुरातही बारीक कण असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो, तो छातीत जातोच ना? हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातलीये, ५ हजार दंड आहे, जास्त प्रमाणात जाळला तर २५ हजार, आणि त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवा असंही लिहिलं होतं.

माझं माहेर कोकणातलं. तिकडे ह्याला पातेरा म्हणतात आणि भाताचा राब भाजायला, म्हणजे रोपं पेरण्याआधी जमीन भाजायला, लागतो तेवढा सोडला तर बाकीचा गोठ्यात गुरांखाली, तिथून शेणासकट खताच्या खड्ड्यात, नाहीतर कलमांच्या बुंध्याभोवती. आई पहाटे पाटी घेऊन जायची पातेरा गोळा करायला, म्हणून मला तो पेटलेला बघवत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगच्या मागे कोंबडीच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचा गोल पिंजरा केला, तीन फूट रुंद, चार फूट उंच. खर्च फार नाही. पाला दाबून भरायचा, मधेमधे शेणाचं पाणी किंवा आंबट ताक शिंपडायचं आणि आठवड्यातून दोनदा पाणी मारायचं, बस. कोरडा ठेवलात तर वर्षभर तसाच राहील, लोक इथेच चुकतात. रेन ट्रीची बारीक पानं पटकन कुजतात, बदामाचं पान मात्र चामड्यासारखं, ते आधी पायाने चुरडून टाकायचं. वाळवी लागेल म्हणून आमच्याकडेही दोघा-तिघांनी नाकं मुरडली होती, म्हणून पिंजरा भिंतीपासून लांब ठेवला आणि कायम ओलसर ठेवला, वाळवी काही आली नाही.

गणपतीच्या आधी खालून उकरलं तर काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास. बदामाच्या एका पानाची फक्त शिरांची जाळी उरली होती, तिच्यावर गांडूळ फिरत होतं, पोरं ते बघायला रांग लावून उभी राहिली. काठोकाठ भरलेला पिंजरा बसत बसत गुडघ्याएवढा झाला होता. ते खत कुंड्यांना घातलं, शिवाय उन्हाळ्यात सुका पाला कुंड्यांत वरून पसरला की माती लवकर वाळत नाही, पाणी निम्म्याने कमी लागतं हा माझा स्वतःचा अनुभव.

जागाच नाही म्हणणाऱ्यांसाठी पुण्यात 'ब्राऊन लीफ'सारखा उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पाला जास्त झालाय त्यांची आणि ज्यांना बागेसाठी हवाय त्यांची गाठ घालून देणारा. आपण पानगळीच्या दिवसांत ह्याबद्दल रोज चार ओळी छापल्यात तर खूप उपकार होतील. यंदा आम्ही दुसरा पिंजरा उभा केलाय आणि शेजारच्या सोसायटीला निरोप धाडलाय की पोती भरून आमच्या गेटशी आणून ठेवा, भरायचं काम आमचं. काल पहिली दोन पोती आली.

आपली,
एक वाचक, पुणे