दाढी करायची तर कर, पण तिथं खरं सांग

बाळ्या,

काल मी मंगळवारी दाढी करून जाऊ नकोस म्हणाले आणि तू मधेच फोन ठेवलास त्याचा मला राग नाही आला. इथं पुण्यात ताई मलाच बोलली, आजारी आहे म्हणून त्यानं दाढी पण करायची नाही का. बरोबरे तिचं. पण मी काय म्हणत होते ते तू पुरतं ऐकलंच नाहीस, म्हणून हे टाईप करतीय. तिचं बाळ झोपलंय तोवर जेवढं होईल तेवढं, राहिलेलं रात्री.

मला भीती एवढीच वाटते की मंगळवारी दिव्यांग सर्टिफिकेटच्या तपासणीला, डॉक्टरांच्या बोर्डापुढं, तू चांगला दिसशील.

हसू नकोस. सकाळी तू चांगलाच असतोस की. झोप झालेली, ऊन चढलेलं नाही, इस्त्रीचा शर्ट, आणि दारातून आत जाताना छाती काढून जायची तुझी सवय. डॉक्टर विचारणार चालता येतं का, तू म्हणणार येतं. जिना? चढतो. शर्टाची बटणं? लावतो की. झालं, त्यांनी तसं लिहिलं आणि पुढचा नंबर. त्यांना तरी काय माहीत दुपारी दोनला तू कसा असतोस. आपल्या सोलापूरचा मे महिना, पारा ४० च्या पुढं, आणि मागं नव्या पेठेतून येताना उजवा पाय ओढत भिंतीला धरून आलास तेव्हा समोरच्या काकूंनी मला विचारलं, पोरगं प्यायला लागलंय का. मी त्यांना काय बोलले ते जाऊ दे.

न्यूरोच्या डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलेलं ना, या एमएसनं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसनं, नसांवरचं आवरण खराब झालंय, उंदरानं वायरचं कव्हर कुरतडावं तसं, आणि अंग तापलं की होता तो करंटही पुढं जात नाही. गरम पाण्यानं आंघोळ केलीस तरी तुला धूसर दिसायला लागतं, मग पंख्याखाली बसलास की उतरतं. हे बोर्डापुढं सांग. त्या खोलीत गार असलं तर तुझ्या अंगावर काहीच दिसणार नाही, ते तोंडानंच सांगावं लागणार. आणि तू तर तोंड उघडत नाहीस.

फाईल माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, साड्यांच्या खाली, निळी. एमआरआयच्या फिल्म पण ने, नुसते रिपोर्ट नको. पाठीतलं पाणी काढलं त्याचा कागद, स्टिरॉइडचे सलाईन लावले तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड, डोळ्याचा पहिला रिपोर्ट. हो तोच, ज्या डॉक्टरनी मोबाईल कमी बघ आणि टेन्शन घेऊ नको म्हणून घरी पाठवलेलं. तो फाडू नकोस, त्याच्यावर तारीख आहे, कधीपासून चाललंय ते त्यावरून कळतं. आधार, रेशन कार्ड, फोटो, आणि ऑनलाईन अर्ज केलास त्याची नंबर असलेली पावती.

तू म्हणालास एमएसला कोण दिव्यांग म्हणतं. म्हणतात. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, २०१६ च्या नव्या कायद्यात २१ झाले आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नाव घेऊन लिहिलंय, ताईच्या मिस्टरांनी मला मोबाईलवर काढून दाखवलं. तेव्हा कुणी म्हणालं की तुझे हातपाय तर धड आहेत, तर घाबरू नकोस.

पण तुला सर्टिफिकेटच नको असेल तर मी काय बोलणार. शिक्का नको म्हणालास. मला कळतं रे. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, ती उंच जड काठी, पेललेला पोरगा तू. गड्ड्याच्या, म्हणजे त्या यात्रेच्या, आधी रात्री रात्री सरावाला जायचास, खांदा सुजला तरी मला दाखवायचा नाहीस, हळद लावू का विचारलं तर म्हणायचास काय झालं नाही. पांढरी बाराबंदी घालून ६८ लिंगांच्या वाटेनं निघालास त्या वर्षी मी गर्दीत मागंमागं पळत होते, एका जागी वाऱ्यानं काठी कलली, बायका ओरडल्या, आणि तू दोन पावलं मागं घेऊन सावरलीस. तुझे पप्पा असते तर. त्यांच्याकडूनच आलंय हे तुझ्यात, मागावरून पडून हाताला टाके पडले तरी दुसऱ्या पाळीला गेलेला माणूस तो. मी सगळ्या गल्लीला सांगत फिरायचे, आमचा बाळ्या कधी कुरकुरत नाही. अजून सांगते.

पण मंगळवारी कुरकूर कर. तेवढं एक दिवस कर.

बघ, परत तेच आलं. ताई म्हणते आई तू रेकॉर्ड लावल्यासारखी बोलतेस. पण अजून एक राहिलंय आणि ते मी फोनवर बोलू शकले नसते. बाथरूमचं. लागली की थांबता येत नाही, म्हणून तू बाहेर जाताना पाणीच पीत नाहीस, मला माहीत आहे, माझ्यापासून काय लपतंय. ते पण सांगायचं. डॉक्टर रोज ऐकतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. लाज वाटली तर कागदावर लिहून दे. खरं तर सगळंच लिहून ने, चांगल्या दिवसाचं नाही, वाईट दिवसाचं. किती चाललं की पाय ओढायला लागतो, पेन धरून किती वेळ लिहिता येतं, हिशोबाचे आकडे मधेच कसे विसरतात, ज्याच्यामुळं तुला ती यार्नच्या दुकानातली नोकरी सोडावी लागली. वाढवून एक अक्षर लिहू नकोस, पण खोडू पण नकोस.

दिव्यांगत्वाचे ४० टक्के भरले पाहिजेत. त्याच्या खाली आलं तर दिव्यांगाचं कार्ड मिळतं पण पांढरं, त्याचा काही उपयोग नाही, पिवळं मिळालं तर एसटीला ७५ टक्के सवलत, आणि संजय गांधी निराधार योजनेचे आता दिव्यांगांना महिन्याला अडीच हजार आहेत, घरचं उत्पन्न वर्षाला ५०,००० च्या आत असलं तर. माझं शिलाईचं धरून काय होतं ते तलाठ्याला विचारून ठेवलंय. शाळा सुरू व्हायच्या आधी युनिफॉर्मचं काम असतं तेवढंच, नंतर मशीन गप्पच. अडीच हजारात घर चालत नाही हे मलाही कळतं. तुझं औषध केवढ्याचं आहे ते तू मला सांगत नाहीस, पण बिलं मी वाचलीत.

कमी टक्के लिहिले तर अपील करता येतं, आणि कधीकधी ठरावीक मुदतीचंच सर्टिफिकेट देतात, मग परत तपासणी. म्हणजे मंगळवारी काही सगळं संपत नाही. हे मी तुला सांगतीय का स्वतःला, देव जाणे.

लेक्चर झालं, माफ कर. बाळाचे फोटो ताई पाठवेल, नाक अगदी तुझ्यासारखंय. तुला मामा झाल्यावर यायचं होतं पुण्याला, हुतात्मा एक्स्प्रेसचं एसीचं तिकीट काढ, साध्या डब्यात उन्हाचं येऊ नकोस.

दाढी करायची तर कर बाबा. आणि तुझा मामा साडेआठला रिक्षा घेऊन येणारे. तू नको म्हणालास तरी येणारे, मी त्याला सांगून टाकलंय, आणि तू येतं येतं म्हणायला लागलास की मधे बोल म्हणून पण सांगितलंय. त्याच्यावर चिडू नकोस, चिडायचं तर मला फोन कर.

तुझी आई