पेन्सिल देण्याआधी हात बघा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पहिलीत येणाऱ्या मुलाचा लिहिण्याचा हात कोणता याची नोंद विकासपत्रावर घेण्याबाबत, आणि डावखुऱ्या मुलांचा हात बदलणे थांबवण्याबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला कास्तकार. कापूस, सोयाबीन, तूर एवढंच आमचं. तुमच्या खात्याला याआधी कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहितोय ते माझ्या पहिलीतल्या मुलीच्या डाव्या हातासाठी.

गेल्या तान्ह्या पोळ्याला तिनं आपला लाकडी बैल स्वतः रंगवला. शिंगं निळी, झूल लाल, पाठीवर पिवळे ठिपके. ब्रश सगळा वेळ डाव्या हातात. घराच्या मागच्या भिंतीवर तिनं कोळशानं काढलेली बैलजोडी अजून तशीच आहे, शेपटीचा गोंडासुद्धा तिनं केस केस करून काढलाय. आणि हीच पोरगी वही उघडली की रडायला लागायची. पेन्सिलीचं टोक मोडायची, 'हात दुखते' म्हणायची. आम्हाला वाटलं, अभ्यासाचा कंटाळा असेल.

कारण दिवाळीच्या सुट्टीत कळलं. ती उजव्या हातानं लिहीत होती. अंगणवाडीत ताई रोज तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायच्या. रागानं नाही, अगदी मायेनं, 'बेटा, या हातानं' असं म्हणून. मग शाळापूर्व तयारीचा मेळावा झाला, पहिलीत येणाऱ्या मुलांना काय जमतं ते बघून विकासपत्रावर लिहितात तो. मी तिथं हजर होतो. टेबलावर चित्र होतं, मॅडमनी रंगखडू तिच्या उजव्या हातात ठेवला आणि तिनं गुपचूप तो त्याच हातात धरला. रंग भरायला मदत लागते, अशी तिची नोंद झाली. मी बाजूलाच उभा होतो आणि माझ्याही लक्षात आलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण मी स्वतः डावखुरा आहे. ही गोष्ट सगळ्यात आधी मला दिसायला पाहिजे होती.

1994 साली मी पहिलीत होतो. गाव आणि शाळेचं नाव लिहीत नाही, कारण गुरुजी माणूस म्हणून चांगले होते आणि त्या काळी सगळीकडे तसंच चालायचं. 'काऊन रे पोट्ट्या, त्या हातानं नाई लिवाचं' म्हणून लाकडी पट्टी डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर बसायची. पण पट्टीपेक्षा जास्त आठवते ती पाटी. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते. डाव्या हातानं लिहिलं की हात लिहिलेल्या अक्षरांवरूनच सरकतो. पाटीवर 'कमळ' लिहून होईपर्यंत 'क' पुसलेला असायचा आणि तळहाताच्या कडेला पांढरी भुकटी. गुरुजी बघायला येईपर्यंत अर्धी पाटी कोरी, म्हणजे पोरानं लिहिलंच नाही. सहा महिन्यांत मी उजव्या हातावर आलो. घरी निरोप गेला, पोरगा सुधारला.

मी सुधारलो नाही साहेब. मी फक्त उजव्या हातानं लिहायला लागलो. जेवण, लिखाण आणि नमस्कार उजव्या हातानं, बाकी सगळं आयुष्य डाव्या. आजही माझ्या दोन सह्या एकमेकींना जुळत नाहीत. एकदा पीककर्जाच्या कागदावरची सही नमुन्याशी जुळली नाही म्हणून बँकेतून मला परत पाठवलं, पेरणीच्या तोंडावर दोन चकरा वाढल्या. काउंटरवर दहा माणसांसमोर चार-चार वेळा आपलंच नाव लिहून दाखवावं लागतं, तेव्हा पहिलीतला वर्ग आठवतो.

शेतात मात्र मला माझा हात परत मिळाला, तो एका लोहारामुळे. सोयाबीनच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, आपल्याकडे दातेरी इळा लागतो. त्याचे दाते एकाच बाजूनं पाडलेले असतात. उजव्या हातात तो बुडाशी बरोबर चावतो, डाव्या हातात उलटा पडतो आणि घसरतो. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना तो असाच घसरला. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर त्याची खूण आहे. पुढच्या हंगामाआधी मी लोहाराकडे गेलो. त्यानं मला काही विचारलंच नाही. भात्याजवळची पऱ्हाटीची एक काडी उचलून माझ्यासमोर जमिनीत रोवली, बाजूला एक इळा ठेवला आणि म्हणाला, 'काप.' मी कोणता हात पुढे करतो ते त्यानं बघितलं, काडी कशी धरतो ते बघितलं. मग पातं तापवून दाते दुसऱ्या बाजूनं पाडून दिले. मुठीलाही डाव्या पंजाच्या हिशेबानं थोडं तासलं. तो इळा माझ्याकडे अजून आहे. सोंगणीची पात लागते तेव्हा मला नेहमी डावीकडच्या टोकाला, धुऱ्याकडे उभं करतात, म्हणजे माझा कोपर बाजूच्याला लागत नाही आणि माझे ढीग त्याच्या पातीत पडत नाहीत. हे ठरवायला कोणाला मिटिंग घ्यावी लागली नाही.

बैलाचंही तसंच. जोडीत डावीकडे चालणारा बैल उजवीकडे जुंपला तर तो बावरतो, डवरणीला तास वाकडे जातात, पिकावर पाय पडतो. बैलबाजारात म्हणूनच आम्ही दात बघतो, खूर बघतो आणि बैल कोणत्या बाजूचा ते विचारतो. जनावर घरी आणताना आम्ही एवढी काळजी घेतो. मग लेकरू शाळेत आणतो तेव्हा त्याची बाजू कोणी का बघत नाही?

साधारण दहा माणसांत एक जण डावखुरा असतो, हे जगभरच्या अभ्यासातून दिसलेलं आहे. आमच्या गावच्या शाळेचा पट चाळीसच्या आसपास. या हिशेबानं तीन-चार मुलं डावखुरी असायला पाहिजेत. डाव्या हातानं लिहिणारी एक, माझी मुलगी, तीही दिवाळीनंतर. बाकीची कुठं गेली? ती वर्गातच बसलेली आहेत, फक्त 'सुधारलेली' आहेत. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांत डाव्या हातानं लिहिणारे शंभरात तीन-चारच सापडत. मुलांचा हात बदलणं बंद झालं तसा तो आकडा दहाच्या पुढे गेला. डावखुरी माणसं नव्यानं जन्माला आली असं नाही, ती लपवणं थांबलं. कोणता हात चालेल याचा कल मूल आईच्या पोटात असतानाच दिसायला लागतो, सोनोग्राफीत कोणता अंगठा ते चोखतं यावरून. जन्माच्या आधीची गोष्ट पट्टी मारून बदलत नाही. तो हात फक्त मागे पडतो.

यात घरच्यांचा दोष आहे, तोही लिहितो. माझी माय म्हणाली, 'पोट्टी हाय. उद्या लोकाच्या घरी जाईन, पंगतीत डाव्या हातानं वाढीन तं लोक काय म्हणतीन?' तिच्या बोलण्याला मी मूर्खपणा म्हणणार नाही. जिथं पाणी डोक्यावरून आणावं लागायचं आणि साबण सणासुदीला दिसायचा, तिथं एक हात धुण्याला आणि एक हात खाण्याला ठेवणं यात शहाणपण होतं. आता शाळेत हात धुवायला नळ आहे, साबण आहे. पण सवय राहिली आणि ती आपल्या बोलण्यात मुरली. एखाद्याला बाजूला सारलं की आपण 'डावललं' म्हणतो, भेदभाव केला की 'डावं-उजवं' केलं म्हणतो. हे शब्द काही तुमचं खातं बदलू शकत नाही आणि तशी माझी मागणीही नाही. तीर्थ, प्रसाद, हळदीकुंकू उजव्या हातानं घ्यायला माझी मुलगी आनंदानं शिकली आहे. ते आमच्या घरचं, आम्ही बघू. लिहिण्याचा हात मात्र शाळेच्या हातात आहे, आणि तिथं तुमचा शब्द चालतो.

माझी मुख्य मागणी एका ओळीची आहे. मेळाव्यात प्रत्येक मुलाचं विकासपत्र भरलं जातं. त्यावर एवढंच वाढवा : मूल कोणता हात वापरतं? उजवा, डावा, की अजून ठरलेला नाही? मणी ओवणं, चेंडू फेकणं, रंग भरणं हे सगळं तिथं होतंच. फक्त वस्तू मुलाच्या हातात द्यायची नाही. ती त्याच्यासमोर मधोमध ठेवायची आणि लोहारासारखं बघत राहायचं. एका कामावरून ठरवू नये. सचिन तेंडुलकर बॅट आणि बॉल उजव्या हातानं खेळला आणि लिहितो डाव्या हातानं, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्याचं अजून ठरलं नाही त्याला दोन्ही हात वापरू द्यावेत, घाई करू नये. अंगणवाडी तुमच्या खात्यात येत नाही, ती महिला व बालविकासकडे आहे, हे मला माहीत आहे. पण बदलण्याची सुरुवात तिथूनच होते, म्हणून दोन्ही खात्यांनी मिळून एक परिपत्रक काढावं.

शिक्षकांना मी दोष देत नाही. मी मुलीच्या मॅडमना भेटलो तेव्हा त्या खरोखर हळहळल्या. म्हणाल्या, 'दादा, डीएडला आम्हाला हे कोणी शिकवलंच नाही.' दोन शिक्षक, चार वर्ग, आणि वरून ऑनलाइन माहितीची कामं. आसपासच्या शाळांचं जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास दिला तरी हे सांगून होतं. आम्ही घरी करून बघितलं ते असं. वही सरळ न ठेवता तिचा वरचा भाग उजवीकडे कलवायचा आणि वही छातीच्या मधोमध न ठेवता थोडी डावीकडे घ्यायची. पेन्सिल टोकापासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरायची, म्हणजे बोटांआड अक्षर झाकत नाही. हात ओळीच्या खाली राहिला पाहिजे. तो वरून हुकासारखा वळवायची सवय एकदा लागली की मनगट दुखतं आणि शाई फासते. बाकावर किंवा बसायच्या पट्टीवर अशा मुलाला डाव्या टोकाला बसवायचं, नाहीतर शेजारच्याच्या कोपराशी दिवसभर धक्काबुक्की. शिरोरेषा ओढताना उजव्या हाताचा मुलगा पेन ओढतो, डाव्या हाताचा तो ढकलतो. त्यामुळे सुरुवातीला रेघ अडखळते, कागद फाटतो. तिथं थोडा धीर धरावा.

आणखी एक गोष्ट, ती मला मुलीनंच दाखवली. गिरवायच्या वहीत नमुन्याचं अक्षर डाव्या टोकाला छापलेलं असतं. ती लिहायला लागली की तिच्याच हाताखाली ते झाकतं. दर अक्षराला हात उचलून ती नमुना बघते, परत ठेवते. बाईंना वाटतं पोरगी संथ आहे. नमुना ओळीच्या वर छापला किंवा दोन्ही टोकांना छापला तर खर्च काहीच नाही. पुढे दहावी-बारावीच्या आणि भरतीच्या परीक्षांना उजवीकडे लिहायची फळी असलेल्या खुर्च्या असतात. डावखुरा मुलगा तीन तास अंग पिळून पेपर लिहितो. नवीन खरेदी कराल तेव्हा शंभरात दहा खुर्च्या डाव्या फळीच्या घ्या.

कायदा नवीन करावा लागत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई करतं. कलम 29 म्हणतं की मूल भीती आणि दडपणापासून मुक्त असावं. डावा हात धरून बदलायला लावणं यात बसतं, एवढं परिपत्रकात स्पष्ट शब्दांत लिहून द्या. पट्टी आता कोणी मारत नाही, पण रोज शंभर वेळा 'या हातानं नाही' ऐकणं लेकराला काय करतं, ते मी घरात बघितलं आहे.

आमच्या शेजारच्याच वर्ध्यात 1937 च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली होती. हातानं काम करत करत शिकायचं, ही नई तालीम तिथून देशभर गेली. ज्यांनी ती मांडली ते गांधीजी स्वतः दोन्ही हातांनी लिहायचे. 1909 मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना जहाजावर 'हिंद स्वराज' लिहिलं, उजवा हात थकला की डाव्या हातानं लिहीत. सेवाग्राम आमच्यापासून काही लांब नाही. हाताला शिक्षणात मान देण्याचा विचार या मातीत रुजला, म्हणून ही विनंती विदर्भातून तुमच्याकडे येते आहे. सुरुवात आमच्या जिल्ह्यापासून करा म्हटलं तरी आम्ही तयार आहोत. गावातली माणसं मी गोळा करतो.

सोबत मुलीच्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स जोडली आहे. एक सप्टेंबरचं, उजव्या हाताचं. 'म' ची गाठ कुठंच जुळलेली नाही आणि खोडून खोडून कागदाला भोक पडलं आहे. दुसरं जानेवारीतलं, डाव्या हाताचं. त्यात तिनं न सांगता खाली एक बैलही काढला आहे. पहिला मेळावा एप्रिलमध्ये असतो आणि विकासपत्रं त्याआधी छापली जातात. ती एक ओळ या वर्षीच्या छपाईत बसवावी, ही विनंती. उत्तर आलं तर ते मी शाळेत आणि अंगणवाडीत नेऊन दाखवीन.

आपला,
पहिलीतल्या मुलीचा बाप, एक कास्तकार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ