ग्रंथपाल सर, रजिस्टरमध्ये तुमचं नाव बघितलं

सर नमस्कार,

हे तोंडावर बोलायला मला जमलं नसतं. पालकसभेत तुम्ही मागच्या बाकावर बसता, बोलायचं काम हेडसर आणि समितीची माणसं करतात आणि सभा संपेपर्यंत तुम्ही गाडीला किक मारून गेलेले असता. म्हणून लिहिते, आणि उघडच लिहिते, चार लोकांनी वाचलं तर बरंच आहे.

मी सातवीतल्या त्या मुलाची आई, जो जून महिन्यात वर्गात एक वाक्य वाचायला उभा राहिला आणि दुसऱ्या जोडाक्षराला अडकून खाली बसला. तुम्हाला आठवत असेल, नसेल तरी चालेल. आम्ही आधी चाकणला होतो, मिस्टरांच्या कंपनीतलं काम सुटलं, भाडं आणि फी दोन्ही झेपेना, मग गावाकडे आलो, डाळिंबाची थोडी बाग आहे आणि मी ब्लाऊज शिवते, चाललंय. पण पोरगं सहावीपर्यंत इंग्लिश मीडियमला, तिथून एकदम मराठी शाळेत सातवीला. आता लोकांना वाटतं इंग्लिश मीडियमचं पोरगं म्हणजे इंग्रजी फाडफाड असणार. कसलं काय. तिथं धडे पाठ करून घेतलेले, प्रश्नाला उत्तर तयार, पण समोर नवीन पान ठेवलं की गप्प. धड इंग्रजी नाही, धड मराठी नाही. मराठी घरात बोलतोच की, पण वाचायचं म्हटलं की 'स्वातंत्र्य' 'प्रात्यक्षिक' असले शब्द बघून घाम फुटायचा त्याला, आणि वर्गातली पोरं काय सोडतात होय.

त्या आधीच्या शाळेचं नाव घेत नाही, कशाला घ्यायचं, पण सांगितल्याशिवाय राहवत पण नाही. तिथं लायब्ररी होती सर. काय लायब्ररी होती! काचेची कपाटं, खाली गालिचा, भिंतीवर रंगीत जिराफ, अ‍ॅडमिशनच्या वेळी आम्हाला मुद्दाम नेऊन दाखवली होती आणि फीच्या पावतीत लायब्ररी फी म्हणून वेगळी ओळ. आत पुस्तकांवर लाल पिवळे हिरवे ठिपके चिकटवलेले, ज्याची जी लेव्हल त्याने त्याच ठिपक्याचं पुस्तक घ्यायचं. आमचा कायम लाल. चौथीत लाल, पाचवीत लाल, सहावीत लालच, आणि वर्गातल्या सगळ्यांना माहीत की लाल म्हणजे ढ. ते लाल पुस्तक पण घरी न्यायचं नाही, तिथंच बसून वाचायचं, पिरियड संपला की परत, आणि प्रत्येक पुस्तकावर दहा ओळींचा रिपोर्ट. निम्म्या वेळा तर कपाटाला कुलूप, किल्ली ऑफिसात आणि ऑफिसातल्या मॅडम रजेवर. पण 15 ऑक्टोबर आला की वाचन प्रेरणा दिन, कुलूप उघडायचं, मुलांच्या हातात जाड जाड पुस्तकं द्यायची, फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे. आमच्या मुलाचा पण एक फोटो आहे तसला. हातातलं पुस्तक त्या दिवसापुरतं दिलेलं, फोटो झाला की काढून घेतलं. कलामसाहेबांच्या वाढदिवसाला असली फसवणूक बरी दिसत नाही एवढंच म्हणते.

तर असा मुलगा तुमच्याकडे आला. त्याने मला हे लगेच सांगितलं नव्हतं, शेजारच्या पोराकडून अर्धं कळलं आणि उरलेलं मी त्याच्याकडून नंतर काढून घेतलं. दुपारच्या सुट्टीत तो लायब्ररीत गेला, मोठ्यांच्या कपाटापाशी उगाच उभा राहिला, मग खाली वाकून लहान मुलांच्या रॅकमधून एक पातळ पुस्तक काढलं, हत्तीचं, पानभर चित्र आणि खाली दोन ओळी, पहिली-दुसरीच्या पोरांचं. काउंटरवर ठेवलं तर मागच्या दोघातिघांनी लगेच सुरू केलं, ए सातवीत आहेस ना, चित्रं बघतोय बघ. त्याला वाटलं आता सर ओरडणार, एकतर त्या पोरांना नाहीतर याला.

तुम्ही कुणालाच ओरडला नाहीत. रजिस्टर त्याच्याकडे फिरवलंत, त्याने नाव लिहिलं, तारीख, दाखल नंबर, सही. मग रजिस्टर परत स्वतःकडे घेतलंत आणि त्याच्या नावाखालच्या ओळीत तोच दाखल नंबर टाकून स्वतःचं नाव लिहिलंत. म्हणालात, 'हे मला पण वाचायचंय, तुझं झालं की दे, पण घाई नको करू, नंबर लावलाय मी.'

बस एवढंच. मागची पोरं गप्प. सर काय चित्रांचं पुस्तक वाचणार का, पण सरांनी नंबर लावलाय म्हटल्यावर हसायचं कुणाला?

हे ऐकलं तेव्हा मशीनवर बसले होते, पाय थांबला माझा. कारण मला वाटलं तुम्ही ते त्याला बरं वाटावं म्हणून केलं असणार, मोठी माणसं करतात असं, दोन मिनिटाचं नाटक. पण त्याने पुस्तक परत केलं तर तुम्ही खरंच ते बॅगेत घालून घरी नेलंत, आणि दोन दिवसांनी त्याला व्हरांड्यात थांबवून विचारलंत की शेवटच्या पानावर त्या हत्तीच्या मागे झाडावर कोण बसलंय, बघितलंस का. त्याने बघितलं नव्हतं! धावत जाऊन परत काढलं. घरी येऊन मला सांगत होता, आई सर पण चित्रं नीट बघतात. त्या दिवसानंतर तो रोज दुपारी तिकडे असतो. हत्ती झाला, मग माकड, मग पंचतंत्रातल्या गोष्टी, मग कुठूनतरी किशोरचे जुने अंक मिळाले ते, आता भुताखेतांच्या आणि गुप्तहेराच्या गोष्टी चालू आहेत. जोडाक्षराला अजून अडतो, पण आता थांबत नाही, काहीतरी अंदाजपंचे वाचून पुढे जातो, पुढे काय झालं ते कळायला पाहिजे ना त्याला. रिपोर्ट कुणी मागत नाही, ही एक मोठीच गोष्ट. एकदा एक पुस्तक अर्धं वाचून परत केलं तर म्हणे तुम्ही विचारलंत, कंटाळवाणं आहे का रे? हा हो म्हणाला. तुम्ही म्हणालात मला पण वाटलेलं, आणि ठेवून दिलंत जागेवर.

आता भुतांवरून आठवलं. मागच्या सभेत एका पालकांनी उठून विचारलं की शाळेत भुताची पुस्तकं कशाला, संस्काराची द्या, थोरामोठ्यांची चरित्रं द्या, आणि मुलींच्या हातात ते पाळीबद्दलचं पुस्तक उघड्या रॅकवर कशाला, कपाटात ठेवा, मागितलं तर द्या. सगळे माना डोलवायला लागले. तुम्ही मागून उठलात, आवाज बारीकच तुमचा, आणि म्हणालात की तुमच्या मुलाला जे द्यायचं नाही ते मला सांगा, मी त्याच्याशी बोलीन, पण दुसऱ्याच्या मुलाचं तुम्ही नका ठरवू. आणि ते मुलींचं पुस्तक जर मागून घ्यावं लागलं तर कोण मुलगी पुरुष ग्रंथपालाकडे येऊन मागणार, ते उघड्यावर आहे म्हणूनच वाचलं जातंय. बसलात खाली. मी बायांच्या बाजूला बसले होते सर, तिथं काय कुजबुज झाली ते सांगायला पाहिजे तुम्हाला, दोघी जणी म्हणाल्या आमच्या वेळी असं कुणी असतं तर. मला स्वतःला भुतं आवडत नाहीत हे खरं, पोरगं रात्री लाईट चालू ठेवून झोपतं आणि बिल मला भरावं लागतं. पण म्हणून शाळेतल्या सगळ्यांची भुतं मी काढून टाकू का?

तुमच्या खोलीत पुठ्ठ्यावर हाताने लिहून लावलंय ते मी दाखला घ्यायला आले तेव्हा वाचलं होतं. ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथन यांची पाच सूत्रं, 1931. पुस्तकं वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. मी तेव्हा म्हटलं काय हे सरकारी बोर्डासारखं. नंतर मुलाकडून कळलं की रंगनाथन आधी मद्रासला गणिताचे प्राध्यापक होते आणि 1924 मध्ये तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तुम्हीच सांगितलं असणार, 12 ऑगस्टला त्यांचा वाढदिवस म्हणून ग्रंथपाल दिन असतो हे पण त्यानेच सांगितलं. आणि युरोपात पूर्वी पुस्तकं साखळीने कपाटाला बांधून ठेवायचे हे सांगताना तर त्याला फार मजा वाटत होती. मी म्हटलं अरे तुझ्या जुन्या शाळेत साखळी नव्हती, ठिपका होता, एवढाच फरक.

खरं सांगते, मला या गोष्टीचा राग येतो. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्याच्या परिशिष्टात सरळ लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय पाहिजे, वर्तमानपत्रं, मासिकं आणि पुस्तकं पाहिजेत, गोष्टींची पुस्तकं धरून. गोष्टींची, हो, कायद्यात लिहिलंय. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी 1910 नंतर लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवली, फुकट, तेव्हा ना धड रस्ते होते ना गाड्या. आणि आता गालिचा टाकून कुलूप लावतात. वर हेच लोक स्टेजवरून बोलणार की आजची पिढी वाचत नाही, मोबाईल मोबाईल. गावोगाव जाऊन मुलांना किती वाचता येतं ते तपासणाऱ्या 'असर' पाहणीचा 2022 चा अहवाल होता ना, ग्रामीण भारतात पाचवीतल्या मुलांपैकी 42.8 टक्के मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता येत होता. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं आमच्या पोरासारखी. या मुलांना पाचवीत, सातवीत गेल्यावर दुसरीचं पुस्तक हातात घ्यायची लाज वाटते, आणि त्यांच्या इयत्तेचं झेपत नाही, मग ती काय वाचणार? त्यांना कुणीतरी ते खालच्या रॅकमधलं पुस्तक न हसता द्यायला पाहिजे एवढंच आहे, पण ते कुठल्या योजनेत बसत नाही, त्याचा फोटो पण निघत नाही.

तुम्हाला यातलं काहीच करायची सक्ती नव्हती. पट कमी म्हणून तुमचं पद अर्धवेळ, पगार पण त्याच हिशोबाचा असणार, वरून निवडणुकीची कामं, परीक्षेची सुपरव्हिजन, कुणी शिक्षक रजेवर गेला की त्याचा तास. त्यातून वेळ काढून फाटलेल्या पुस्तकांना खळ लावून खाकी कागद चढवता, पाठीवर नंबर टाकता, हे पोरगं सांगतं मला, आता त्याला पण कागद चढवता येतो, आमच्या घरातल्या रेशन कार्डालासुद्धा चढवलाय त्याने. काही माणसं अशी असतात सर, मिठासारखी, ताटात दिसत नाहीत आणि नसली की घास गिळवत नाही. माझ्या सासूबाई असल्या माणसांना 'सरळ माणूस' म्हणतात, त्यांच्याकडून एवढी शाबासकी म्हणजे भारतरत्नच समजा. त्यांनी तुम्हाला बघितलेलं नाही पण नाव काढतात.

आता कामाचं. येत्या शनिवारी मुलाबरोबर एक पिशवी पाठवतेय, माझ्या माहेरची आहेत पुस्तकं, माळ्यावर पडून होती, काही दिवाळी अंक आहेत, काही लहान मुलांची आहेत, दोन-तीनची पानं सुटलीत तेवढी बघा. चालण्यासारखी असतील ती दाखल करून घ्या, नसतील ती रद्दीत द्या, मला वाईट वाटणार नाही, आणि देणगीदार म्हणून फळ्यावर नाव वगैरे काही लिहू नका. दुसरं म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत लायब्ररी आठवड्यातून एक दिवस तरी उघडी ठेवावी असा अर्ज आम्ही सातआठ आयांनी मिळून केलाय, हेडसरांकडे देणार आहोत, बसायचं काम आम्ही आळीपाळीने करू, तुम्हाला यायची गरज नाही, फक्त रजिस्टर कसं भरायचं ते एकदा दाखवून ठेवा. ते पाळीच्या पुस्तकाचं पण मी समितीत बोलणार आहे, ते जिथं आहे तिथंच राहू दे. आणि त्या गुप्तहेराच्या गोष्टींचा पुढचा भाग दुसऱ्या कुणाकडे गेलाय म्हणे, मुलाने नंबर लावलाय, त्याच्या आधी तुमचं नाव असेल तर तेवढं जरा लवकर वाचून द्या सर, रोज घरी येऊन डोकं खातो.

तुमची आभारी,
सातवी ब मधल्या एका मुलाची आई